श्वासावाटे जाणारी औद्योगिक रसायने आणि श्वसनमार्गाची ॲलर्जी : प्रायोगिक प्राण्यांवरील संशोधनाचा परिचय

प्रस्तावना :

धाराशिव जिल्ह्यातील परंडा हा अवर्षणप्रवण तालुका होय. पाऊस पुरेसा नसला की येथील अनेक तरुण रोजगाराच्या शोधात बार्शी, सोलापूर, पुणे, मुंबई या शहरांकडे वळतात. त्यांपैकी काही वाहनांना रंग देण्याच्या कामावर, काही फोमच्या गाद्या बनविणाऱ्या कारखान्यांत, तर काही सुताच्या व कापडाच्या रंगाई विभागांत काम करतात. ही तिन्ही कामे वरवर पाहता भिन्न आहेत. परंतु श्वसनविकारांच्या दृष्टीने त्यांच्यात एक साम्य आहे. या कामांत वापरली जाणारी काही रसायने केवळ घशाला व डोळ्यांना झोंबत नाहीत, तर शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला स्वतःची ‘ओळख’ करून देतात. अशी ओळख एकदा झाली की पुढे त्या रसायनाचा अत्यल्प अंशही दम्याचा झटका आणण्यास पुरेसा ठरतो.

ही प्रक्रिया नेमकी कशी घडते, याचे आपले बरेचसे ज्ञान गिनीपिग, उंदीर आणि रॅट या प्रायोगिक प्राण्यांवरील अभ्यासातून आलेले आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनाचा आढावा घेण्याचा, तसेच १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर मुंबईत झालेल्या अभ्यासाच्या आधारे त्याची उपयुक्तता व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे. विषय प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या सीमारेषेवरील असला, तरी त्याचा संबंध समाजशास्त्र, अर्थशास्त्र व कामगार कायदा या विषयांच्या अध्यापकांशीही येतो.

क्षोभ आणि ॲलर्जी यांतील भेद :

क्लोरीन, अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड यांसारखा वायू पुरेशा प्रमाणात श्वासात गेला, तर कोणत्याही व्यक्तीला खोकला येतो, डोळ्यांतून पाणी वाहते व श्वास कोंडतो. यास क्षोभ असे म्हणतात. क्षोभाची तीव्रता रसायनाच्या मात्रेवर अवलंबून असते आणि पहिल्याच संपर्कात तो दिसून येतो. त्यासाठी पूर्वसंपर्काची आवश्यकता नसते.

ॲलर्जीचे स्वरूप याहून वेगळे आहे. ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ही संज्ञा रूढ केली. ॲलर्जी दोन टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात रसायनाशी संपर्क येतो, परंतु बाह्यतः काहीच लक्षणे दिसत नाहीत. आतल्या आत मात्र प्रतिकारयंत्रणा त्या द्रव्यास ओळखणाऱ्या पेशी व प्रतिपिंडे तयार करते. या टप्प्यास संवेदीकरण म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात त्याच द्रव्याचा पुन्हा संपर्क आला की लक्षणे प्रकट होतात. हा मधला काळ काही आठवड्यांचा किंवा काही वर्षांचाही असू शकतो. एकाच खोलीत एकच हवा घेणाऱ्या दहा कामगारांपैकी एखाद्यालाच दमा जडतो, याचे कारण येथे सापडते. त्यामुळेच ‘बाकीच्यांना काही होत नाही, मग यालाच कसे होते?’ हा मुकादमाचा नेहमीचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या चुकीच्या गृहीतकावर उभा आहे.

लहान रेणू प्रतिजन कसा बनतो ? :

येथे एक मूलभूत अडचण उपस्थित होते. प्रतिकारयंत्रणा साधारणतः प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंनाच ओळखते. परागकण, धुळीतील सूक्ष्म कीटक किंवा प्राण्यांच्या अंगावरील कोंडा यांच्यामुळे होणारी ॲलर्जी प्रथिनांमुळे असते. मग टोल्यूइन डायआयसोसायनेटसारखा लहानसा रेणू ॲलर्जी कशी निर्माण करतो ?

या प्रश्नाचे उत्तर कार्ल लँडस्टायनर यांच्या कार्यात मिळते. रक्तगटांच्या शोधाबद्दल १९३० चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या शास्त्रज्ञाने लहान रेणू स्वतः प्रतिजन नसले, तरी प्रथिनाशी जोडले गेल्यावर प्रतिजन म्हणून कार्य करतात, हे दाखवून दिले. अशा रेणूंना हॅप्टेन म्हणजेच अर्धप्रतिजन म्हणतात. १९३५ साली लँडस्टायनर व जेकब्स यांनी गिनीपिगच्या त्वचेवर साधी रसायने लावून संवेदीकरण घडवून आणले. जी रसायने प्रथिनांशी रासायनिक बंध निर्माण करू शकतात, तीच संवेदीकरण करतात, हे सूत्र त्यातून पुढे आले.

श्वसनमार्गाची ॲलर्जी निर्माण करणारी प्रमुख औद्योगिक रसायने या सूत्रात चपखल बसतात. त्यांतील काही पुढीलप्रमाणे सांगता येतील :

(१) आयसोसायनेटे : पॉलियुरेथेन फोम, वाहनांचे दोन घटकांचे रंग, वार्निश व चिकटद्रव्ये यांत वापर.
(२) आम्ल ॲनहायड्राइडे : थॅलिक ॲनहायड्राइड, ट्रायमेलिटिक ॲनहायड्राइड इत्यादी, प्लॅस्टिक, राळ व इपॉक्सी यांच्या उद्योगांत वापर.
(३) रिॲक्टिव्ह रंग : सुती कापडाच्या रंगाईत वापर, कोरडी भुकटी तोलताना व ओतताना ती हवेत उडते.
(४) प्लॅटिनमचे काही क्षार : धातुशुद्धीकरण व उत्प्रेरकनिर्मिती यांत संपर्क.

आयसोसायनेटातील नायट्रोजन-कार्बन-ऑक्सिजन हा गट प्रथिनांतील लायसीनच्या अमिनो गटाशी आणि सिस्टीनच्या गंधकयुक्त गटाशी तत्परतेने संयोग पावतो. वास्तविक पॉलियुरेथेन तयार होते ते याच तत्परतेमुळे. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या या रसायनक्रियेने फोमपासून रंगापर्यंत अनेक उद्योग उभे केले. परंतु जी अभिक्रिया कारखान्याच्या साच्यात उपयुक्त ठरते, तीच श्वासनलिकेच्या ओलसर अस्तरावर घडली की शरीराच्या स्वतःच्या प्रथिनाचे रूप पालटते व प्रतिकारयंत्रणा त्यास परके समजू लागते. टोल्यूइन डायआयसोसायनेटमुळे कामगारांना दमा होतो, अशी पहिली नोंद १९५१ साली फ्रान्समध्ये झाली.

गिनीपिगवरील प्रयोग :

ॲलर्जीच्या अभ्यासात गिनीपिगला प्रारंभापासून विशेष स्थान आहे. या प्राण्याच्या श्वासनलिकांभोवती अरेखित स्नायूंचा थर चांगला विकसित असतो आणि हिस्टामिन या द्रव्यास तो तीव्र प्रतिसाद देतो. त्यामुळे ॲलर्जीची प्रतिक्रिया त्याच्या फुप्फुसांत ठळकपणे दिसते.

अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात मेरिल कॅरोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या प्राण्यावर केलेले प्रयोग या क्षेत्रात पायाभूत मानले जातात. प्रयोगाची पद्धत थोडक्यात अशी : गिनीपिगला रोज तीन तास, सलग पाच दिवस टोल्यूइन डायआयसोसायनेटची वाफ ठरावीक प्रमाणात हुंगविली जाते. त्यानंतर काही दिवसांचा अवकाश दिला जातो. मग त्यास बंदिस्त कक्षात ठेवून त्याच रसायनाचा, किंवा ते जोडलेल्या प्रथिनाचा, सौम्य अंश श्वासावाटे दिला जातो व श्वसनाची गती मोजली जाते. संवेदीकरण झालेल्या प्राण्याचा श्वास जलद व उथळ होतो; न झालेल्या प्राण्यात तसा बदल दिसत नाही. सोबत रक्तद्रवातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी केली जाते.

या प्रयोगांतून तीन महत्त्वाच्या बाबी स्पष्ट झाल्या. पहिली बाब म्हणजे संवेदीकरणासही मात्रेची मर्यादा असते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हवेच्या दशलक्ष भागांत ०.१२ भाग इतक्या प्रमाणात रसायन घेतलेल्या गिनीपिगमध्ये प्रतिपिंडे आढळली नाहीत, ०.३६ भाग व त्याहून अधिक प्रमाणात मात्र ती आढळली. म्हणजे हवेतील प्रमाण नियंत्रित ठेवल्यास संवेदीकरण टाळता येण्याची शक्यता आहे. मात्र आकडे गिनीपिगचे आहेत. ते माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दुसरी बाब अधिक अनपेक्षित होती. १९८१ साली याच गटाने दाखविले की रसायन केवळ त्वचेवर लावले, तरी पुढे श्वासावाटे संपर्क येताच गिनीपिगच्या श्वसनमार्गात ॲलर्जीची प्रतिक्रिया उमटते. श्वसनाचा रोग त्वचेतूनही रुजू शकतो, हा निष्कर्ष कामगारांच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे. केवळ नाकावर रुमाल बांधून उघड्या हातांनी रंग कालविणारा कामगार सुरक्षित नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

तिसरी बाब प्रतिक्रियेच्या वेळेची आहे. काही प्राण्यांत ती काही मिनिटांतच उमटली, तर काहींत काही तासांनी. माणसांतही असेच घडते. दिवसभर काम करून घरी परतलेल्या कामगारास रात्री खोकला व धाप लागते. त्याचा कारखान्याशी असलेला संबंध त्याच्या लक्षात येत नाही, आणि अनेकदा डॉक्टरांच्याही येत नाही.

उंदीर, रॅट आणि पेशींची भाषा :

गिनीपिगच्या प्रयोगांतून ‘काय घडते’ हे कळले. ‘कसे घडते’ हे कळण्यासाठी उंदीर अधिक उपयोगी ठरला, कारण त्याच्या प्रतिकारयंत्रणेची पेशीय व जनुकीय माहिती सर्वाधिक उपलब्ध आहे. १९६६-६७ मध्ये जपानी वंशाचे इशिझाका दांपत्य व स्वीडनमधील योहान्सन आणि बेनिख यांच्या कार्यातून इम्युनोग्लोब्युलिन-ई या प्रतिपिंडाचा शोध लागला. १९८६ साली मोसमान व कॉफमन यांनी उंदरांतील साहाय्यक टी-पेशींचे दोन प्रकार दाखविले. टीएच-१ पेशी इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात. टीएच-२ पेशी इंटरल्यूकिन-४, ५, १३ यांसारखी द्रव्ये स्रवून ॲलर्जीचा मार्ग मोकळा करतात.

या पार्श्वभूमीवर श्वसनमार्गातील घटनाक्रम पुढीलप्रमाणे मांडता येतो. रसायन श्वासनलिकेच्या अस्तरातील प्रथिनांशी जोडले जाते. तेथील द्रुमाकृती पेशी हे बदललेले प्रथिन उचलून लसीका ग्रंथीत नेतात व टी-पेशींसमोर मांडतात. टीएच-२ पेशींची वाढ होते. इंटरल्यूकिन-४ च्या प्रभावाखाली बी-पेशी इम्युनोग्लोब्युलिन-ई तयार करतात आणि ते श्वासनलिकेतील मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसते. पुढील संपर्कात मास्ट पेशी फुटून हिस्टामिन व ल्यूकोट्राइने बाहेर पडतात. स्नायू आकुंचन पावतात, अस्तर सुजते, श्लेष्मा वाढतो. काही तासांनी इओसिनोफिल व इतर श्वेतपेशींचा लोंढा येऊन दाह टिकून राहतो.

इंग्लंडमध्ये इयान किंबर व रिबेका डिअरमन यांनी उंदरांच्या त्वचेवर निरनिराळी रसायने लावून लसीका ग्रंथींतील पेशी कोणती द्रव्ये स्रवतात, याची तुलना केली. त्वचेची ॲलर्जी करणाऱ्या डायनायट्रोक्लोरोबेंझीनमुळे इंटरफेरॉन-गॅमाचे प्राबल्य दिसले, तर श्वसनाची ॲलर्जी करणाऱ्या ट्रायमेलिटिक ॲनहायड्राइडमुळे इंटरल्यूकिन-४ व १० यांचे. दोन्ही रसायने प्रथिनांशी संयोग पावतात, तरीही त्यांना मिळणारा प्रतिसाद भिन्न असतो, हे यावरून सिद्ध झाले. नेदरलँड्समधील संशोधकांनी ब्राउन नॉर्वे जातीच्या रॅटवर ट्रायमेलिटिक ॲनहायड्राइडचे प्रयोग केले. या जातीत इम्युनोग्लोब्युलिन-ई विपुल तयार होते, म्हणून ॲलर्जीप्रवण माणसाचे प्रतिरूप म्हणून तिची निवड केली जाते.

भोपाळ ते परळ : एक उदाहरण :

प्राण्यांवरील संशोधन व माणसाचा रोग यांची सांगड घालणारे एक उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथील कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायूची गळती झाली व हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर मुंबईतील परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या श्वसनविकार विभागातील डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी ११३ वायुबाधितांची तपासणी केली व पुढे कालांतराने त्यांचा पाठपुरावा केला. प्रारंभीची निरीक्षणे १९८५ साली प्रसिद्ध झाली.

मिथिल आयसोसायनेट हेही आयसोसायनेटच. तेव्हा वाचलेल्या लोकांतील दीर्घकालीन धाप ही ॲलर्जी आहे की वायूने फुप्फुस प्रत्यक्ष जाळल्याचा परिणाम, हा प्रश्न केवळ पंडिती नव्हता. ॲलर्जी असेल, तर पुन्हा संपर्क टाळणे हा उपचाराचा गाभा ठरतो. ऊतींची हानी असेल, तर संपर्क संपूनही आजार राहतो व नुकसानभरपाई आणि दीर्घकाळ औषधोपचार यांचा विचार वेगळा करावा लागतो. डॉ. कामत यांच्या गटाने पिट्सबर्गच्या मेरिल कॅरोल यांच्या सहकार्याने रक्तद्रवाचे नमुने तपासले. गिनीपिगमध्ये या रसायनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात, हे प्रयोगाने दाखविण्यात आले आणि त्याच पद्धतीने मानवी नमुने पाहण्यात आले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधानुसार थोड्याच व्यक्तींमध्ये विशिष्ट प्रतिपिंडे आढळली. त्यांची पातळी कमी होती व बहुतेकांत ती काही महिन्यांत ओसरली.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एकाच प्रचंड संपर्कानेही मानवी प्रतिकारयंत्रणा आयसोसायनेटची नोंद घेते, हे प्राण्यांवरून बांधलेले अनुमान खरे ठरले. परंतु वायुबाधितांच्या चिरकालीन व्याधीचे ओझे मुख्यत्वे प्रतिपिंडांवर टाकता येत नाही. ते प्रत्यक्ष हानीचे आहे. याउलट फोमच्या कारखान्यातील कामगारास भोपाळसारखा प्रसंग कधीच अनुभवावा लागत नाही. त्याच्या वाट्यास येतात ते रोजचे छोटे छोटे संपर्क, आणि त्यांतूनच ॲलर्जी जडते. दोन्ही ठिकाणी रसायनाचे कुळ एकच, पण रोगाची वाट निराळी.

प्रतिरूपांच्या मर्यादा :

प्राणी हा माणसाची लहान आवृत्ती नव्हे. गिनीपिगमधील ॲलर्जीत इम्युनोग्लोब्युलिन-ई पेक्षा इम्युनोग्लोब्युलिन-जी-१ चा वाटा मोठा असतो. उंदराच्या श्वासनलिकांतील स्नायूंचा थर पातळ असल्याने दम्याचे आकुंचन त्यात तितके स्पष्ट दिसत नाही. ब्राउन नॉर्वे रॅट ही निवडक पैदाशीची जात आहे. कामगारांच्या लोकसंख्येत मात्र सर्व प्रकारच्या प्रकृती असतात. शिवाय आयसोसायनेटजन्य दमा झालेल्या माणसांपैकी थोड्यांच्याच रक्तात विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिन-ई आढळते. म्हणजे माणसात या रोगाच्या अन्य वाटाही असल्या पाहिजेत. त्वचेच्या ॲलर्जीसाठी उंदराच्या लसीका ग्रंथीची चाचणी २००२ साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत समाविष्ट झाली. श्वसनाच्या ॲलर्जीसाठी तशी सर्वमान्य चाचणी अद्याप नाही. एखादे नवे रसायन दमा निर्माण करील की नाही, हे ते बाजारात येण्यापूर्वी खात्रीने सांगता येत नाही, आणि पुष्कळदा ते प्रथम कामगारांच्या आजारातूनच उघड होते.

नैतिक बाजू :

या प्रयोगांत प्राण्यास श्वास कोंडण्याचा त्रास सोसावा लागतो, हे नाकारता येत नाही. रसेल व बर्च यांनी १९५९ साली मांडलेली पर्याय शोधणे, संख्या घटविणे व वेदना कमी करणे ही त्रिसूत्री आज सर्वमान्य आहे. आपल्या देशात प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० व त्याखालील १९९८ चे नियम यांनुसार संस्थेच्या नीतिविषयक समितीची मान्यता अनिवार्य आहे. महाविद्यालयीन अभ्यासक्रमातून विच्छेदन थांबविण्याचे निर्देश विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली दिले. रसायन लायसीनशी अधिक संयोग पावते की सिस्टीनशी, हे परीक्षानळीत मोजणे, रेणूच्या रचनेवरून संगणकाद्वारे अनुमान बांधणे व मानवी पेशींच्या संवर्धनावर परीक्षा घेणे हे पर्याय आता विकसित होत आहेत. श्वसनमार्गाची ॲलर्जी करणारी रसायने लायसीनकडे अधिक झुकतात, असे त्यांतून दिसले आहे. असे प्रयोग रसायनशास्त्राच्या पदवीस्तरीय प्रयोगशाळेच्याही आवाक्यात येऊ शकतात. येथे एक वास्तव नमूद करणे उचित होईल : उंदीर व रॅट हाताळणाऱ्या संशोधकांना व सेवकांना त्या प्राण्यांच्या मूत्रातील प्रथिनांमुळे दमा जडण्याचा धोका असतो. ॲलर्जीचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा हीच ॲलर्जीचे कार्यस्थळ ठरू शकते.

समारोप :

प्रायोगिक प्राण्यांवरील संशोधनाने पुढील बाबी दृढ केल्या आहेत : लहान रसायन प्रथिनाशी जोडले जाऊन प्रतिजन बनते, संवेदीकरणास मात्रेची मर्यादा असते, त्वचेचा संपर्कही श्वसनरोगास कारणीभूत ठरू शकतो, प्रतिक्रिया काही तासांनी उमटू शकते, आणि संवेदीकरण झाल्यावर अत्यल्प अंशही पुरेसा ठरतो. शेवटची बाब सर्वांत गंभीर आहे. संवेदीकरण झालेल्या कामगारास ‘थोडी काळजी घेऊन’ तेच काम करता येत नाही. त्यास त्या रसायनापासून पूर्णतः दूर व्हावे लागते, आणि जितका उशीर होईल तितकी बरे होण्याची शक्यता घटते. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या अनुसूचीत कामाच्या स्वरूपातून आलेल्या ॲलर्जीकारक द्रव्यांमुळे होणाऱ्या दम्याचा समावेश आहे. परंतु रोगाचे निदान कामाशी जोडले गेले, तरच त्याचा लाभ मिळतो.

ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकास या संदर्भात एक साधे पण महत्त्वाचे कार्य करता येईल. शहरात कामास गेलेला आपला माजी विद्यार्थी दिवाळीत किंवा यात्रेस गावी आला की त्याची धाप कमी होते आणि कामावर परतताच ती पुन्हा सुरू होते, असे आढळल्यास ते गावच्या हवापाण्याचे श्रेय मानून सोडून देऊ नये. कामाच्या जागेपासून दूर गेल्यावर लक्षणे कमी होणे ही व्यावसायिक दम्याची प्रमुख खूण आहे. तो कोणते द्रव्य हाताळतो, डब्यावर काय लिहिले आहे, हातमोजे मिळतात काय, हे विचारणे आणि ही माहिती डॉक्टरांना सांगण्यास त्यास प्रवृत्त करणे, एवढे केले तरी निदानास होणारा विलंब टळू शकेल. गिनीपिगच्या श्वासगतीवरून जे ज्ञान मिळाले, त्याची खरी सार्थकता ते अशा कामगारापर्यंत वेळेत पोहोचण्यात आहे.